केराच्या टोपलीतली पत्रं

मैत्रिणींनो, जपून ठेवलेली पत्रं हरवली की जीव कसा कासावीस होतो, ते सांगायला नको. 2009च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा आमगावला. लेक शिकायला पुण्याला, आणि तिची दोन वर्षांची सगळी ई-मेल माझ्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये. एक दिवस कॉम्प्युटरनं विचारलं, जागा वाचवायला मेल आवळून ठेवू का? मी आपलं 'ओके' केलं. तेवढ्यात लाईट गेली! परत आली तर इनबॉक्स रिकामा.

मनाशी म्हटलं, घाबरायचं कशाला, सीडीवर बॅकअप आहे ना! पण सीडीवर फक्त 'माय डॉक्युमेंट्स'. मेल राहायची वेगळ्याच, लपलेल्या फोल्डरात. मला तर रडूच कोसळलं.

शेजारची पोरगी कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, "काकू, रिसायकल बिन रिकामी केली का?" रोज सांजेला केर काढावा तशी मी ती रिकामी करायची, त्या दिवशी लाईटीपायी राहून गेली होती. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 पासून मेल आवळताना जुन्या फाइलची 'बीएके' प्रत तिथं पडायची. तिनं ती डेस्कटॉपवर ओढली, नावाच्या शेवटी 'डीबीएक्स' केलं, एक्सप्रेस बंद ठेवून फाइल मूळ जागी टाकली. लेकीची पत्रं परत आली!

आता ते एक्सप्रेस गेलं, 2014 मध्ये एक्सपीचा आधारही संपला. पण बॅकअप घेतला की एकदा उघडून बघा बरं का. बरणी न उघडता लोणचं टिकलं म्हणू नये, तसंच हे!