कालच्या भातावर आजचा चहा!

ओला कचरा दाराबाहेर गेला की आपण सुटलो? अजिबात नाही. त्याच कचऱ्यातून शेगडी पेटवण्याचं तंत्र पुण्यातच तयार झालंय. फक्त शेजाऱ्यांशी बोलावं लागेल!

शनिवारच्या पार्टीतली बिर्याणी रविवारभर फ्रिजमध्ये पडून राहते आणि सोमवारी सकाळी डस्टबिनमध्ये जाते. सोबतीला केळीची सालं, वाळलेल्या पोळ्या, पिचलेला टोमॅटो. कचऱ्याची गाडी येऊन गेली, की विषय संपला. आपल्यापुरता!

पुण्याचा हा 'संपलेला विषय' वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या दारात जाऊन पडला. २०१७ मध्ये तिथल्या डेपोला आग लागली, तेव्हा वैतागलेल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. ढिगाखाली दबलेलं अन्न हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. पृथ्वी तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट पुढे. पण टाकीत पकडला, तर तोच झकास इंधन!

विरजण शेणाचं, जेवण आपलं

पुण्यातल्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ मध्ये नेमकं हेच केलं. गोबरगॅसला शेण लागतं. पण शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला भाग. मग जिवाणूंना थेट भात, पीठ, पिकलेली फळंच खायला घातली तर? शेणाच्या प्लँटमध्ये माल साधारण ४० दिवस मुक्काम ठोकतो, इथे एक-दोन दिवसांत काम फत्ते. या छोटेखानी प्लँटला २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला.

रचना एकदम सिंपल. पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या : १००० लिटरची खाली, ७५० लिटरची तिच्यात पालथी. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. सुरुवातीला शेणकाला घालायचा. तेच जिवाणूंचं विरजण.

दोघांचं काम नाही

आता गणित. संस्थेच्या आकड्यांनुसार दोन किलो पिष्टमय खाद्यातून सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो. पण पीठ कोरडं असतं, आपल्या वरण-भातात मात्र बहुतेक पाणीच. त्यामुळे वन बीएचकेमधल्या जोडप्याने सिलिंडरला टाटा करण्याची स्वप्नं बघू नयेत. वीस-पंचवीस फ्लॅट्स एकत्र आले, तर मात्र मजा आहे.

मग गॅस कोणाला? घरोघरी पाइप नेणं महागात पडेल. त्यापेक्षा वॉचमनच्या खोलीत शेगडी द्या. रोज टाकीला 'जेवू' घालायला माणूसही हवाच. त्याला त्या कामाचा पगार द्या, फुकटात राबवू नका. जिवाणूंना वीकेंड नसतो, माणसाला असतो.

पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण संपलं, की हा विषय काढाच.

टाकीचं पथ्यपाणी

• चालेल : भात, पोळी, भाजी, पिकलेली फळं. बारीक करून, पाणी घालून.
• नको : हाडं, करवंट्या, अंड्याची कवचं, प्लॅस्टिक, फिनेलचं पाणी.
• एकदम जास्त कोंबलं, तर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो.
• थंडीत गॅस कमी. म्हणून जागा उन्हाची आणि मोकळी हवी.