पोरे राजकारणात का पडतात?

मुलगा राजकारणात पडला की आपण मध्यमवर्गीय कपाळाला हात लावतो. परंतु त्याला तिकडे ओढते काय? १९४२ साली नंदुरबारचा १५ वर्षांचा शिरीषकुमार मिरवणुकीत गोळीला सामोरा गेला, तो स्वातंत्र्याच्या ओढीने. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालच्या परिसरात कारण शोधायला लांब जावे लागत नाही. संग्रामपूर तालुक्याचा हा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने कित्येक घरे खचलेली. गोडे पाणी केव्हा, हे विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. तिथे १८ व्या वर्षी बोलता येते, २१ व्या वर्षी निवडणूक लढवता येते. तेव्हा वाचकहो, उठून प्रश्न विचारणाऱ्या पोराला ‘तुला दुसरे उद्योग नाहीत का?’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?