चाकांवरचं घर, मुक्काम मात्र एकाच जागी

मुलगा अमेरिकेत, आईवडील काही महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेले आणि नातवंडांना नुकतीच सुट्टी लागलेली. अशा वेळी घरात एक बेत हमखास ठरतो, 'या वेळी मोटरहोम भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यनला जाऊ या.'

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज आणि छोटंसं बाथरूम, सारं काही गाडीतच. त्यामुळे आजोबांना वाटेत बाथरूम शोधण्याची चिंता नाही आणि आजींना गरम वरणभाताची खात्री.

पण आठवड्यात सहा ठिकाणं उरकायचं ठरलं की हेच घर डोईजड होतं. दिवसभर प्रवास, संध्याकाळी नवी जागा, सकाळी पुन्हा आवराआवर. परतल्यावर म्हाताऱ्या माणसांना आठवतो तो फक्त रस्ता आणि घरच्या गृहिणीला आठवतो तो ओटा. यावर उपाय सोपा आहे. तीन रात्री एकाच कॅम्पग्राउंडवर मुक्काम ठोका आणि तिथून रोज हलक्या हाताने फिरायला निघा.

गाडी हलवणं म्हणजे घर हलवणं

कॅम्पग्राउंडवर मोटरहोम नुसती उभी करून भागत नाही. ती सपाट जागी लावायची, विजेची तार, पाण्याची नळी आणि सांडपाण्याचा पाइप जोडायचा. निघताना हे सगळं सोडवायचं, भांडी कपाटात नीट अडकवायची, फ्रिज आणि ड्रॉवर बंद झाल्याची खात्री करायची. पहिल्यांदाच मोटरहोम घेणाऱ्यांचा यात बराच वेळ जातो.

शिवाय २५-३० फुटांची ही गाडी एका लिटरमध्ये जेमतेम तीन ते पाच किलोमीटर चालते. भाड्याच्या करारात ठरावीक मैलांपेक्षा जास्त गाडी चालवल्यास बहुधा जादा आकार पडतो. गर्दीच्या ठिकाणी एवढी मोठी गाडी उभी करायला जागा मिळेलच असंही नाही. म्हणजेच मोटरहोम जितकी कमी हलेल, तितका पैसा आणि मनस्ताप वाचतो.

ग्रँड कॅन्यन का?

अशा मुक्कामासाठी अॅरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड उत्तम आहे. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. तिला १९१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

दरीच्या कडेजवळ राहण्यासाठी कॅम्पग्राउंड आहेत. 'ट्रेलर व्हिलेज'मध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी मिळते. 'मॅथर कॅम्पग्राउंड' पाइनच्या झाडीत आहे, पण तिथे जागेवर जोडणी नाही आणि ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. जवळच किराणा दुकान, पोस्ट, लाँड्री आणि पैसे देऊन वापरता येणारी स्नानगृहं आहेत.

सर्वांत मोठी सोय म्हणजे उद्यानाच्या मोफत बस. मोटरहोम जागेवर ठेवून खांद्याला पाण्याची बाटली आणि थर्मास अडकवायचा आणि बसमध्ये बसायचं.

तीन रात्रींचा बेत

पहिला दिवस पोहोचण्याचा. गाडीच्या जोडण्या झाल्या की बसने व्हिजिटर सेंटरला जा. तिथून मॅथर पॉइंट थोड्याच अंतरावर आहे. दरीचं पहिलं दर्शन घ्या आणि लवकर परता. दक्षिण कड सुमारे २,१०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही बरीच उंच आहे. वयस्कर मंडळींना पहिल्या दिवशी धाप लागू शकते, तेव्हा घाई नको.

दुसऱ्या दिवशी हर्मिट रोड बघा. ११ किलोमीटरच्या या रस्त्यावर १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते. बस एकेका पॉइंटवर थांबते. गुडघे दुखत असतील तर दोनच ठिकाणी उतरा. सूर्यास्तासाठी होपी पॉइंट छान, मात्र शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्रच फिरायला हवं असं नाही. तरुण मंडळी पहाटे बसने साउथ कैबाब वाटेवर जाऊन 'ऊ आ पॉइंट'पर्यंत सुमारे दीड किलोमीटर उतरू शकतात. चढून यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचं धाडस मात्र मुळीच करू नका. आजीआजोबांनी नातवंडांना घेऊन यावापाई संग्रहालयापासून सुरू होणारी 'ट्रेल ऑफ टाइम' बघावी. या पक्क्या वाटेवरचा एक मीटर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातली दहा लाख वर्षं! थकवा आला तर बसने थेट आपल्या घरी.

चौथ्या दिवशी घर आवरून पूर्वेकडे निघा. ४० किलोमीटरवर डेझर्ट व्ह्यू इथे वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी रचलेला १९३२ सालचा दगडी मनोरा आहे. उद्यानाचं पूर्वेकडचं दारही तिथेच असल्याने मागे फिरावं लागत नाही.

ओटा सगळ्यांचा

गाडीत शेगडी आहे म्हणून तीनही वेळचा स्वयंपाक एकीनेच करायचा असा कुठे नियम आहे? नाश्ता मुलाने करावा, भांडी नातवंडांनी पुसावीत आणि दुपारी घरून नेलेले मेथीचे ठेपले, चटणी, चिवडा चालेल. सुट्टी सर्वांची असेल तर ती गृहिणीचीही असायला हवी.

हे विसरू नका

* मॅथरची जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते. उन्हाळ्यासाठी उशीर करू नका.
* चालत्या मोटरहोममध्ये शेगडी पेटवू नका. सर्वांनी पट्टा बांधून बसावं.
* उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो. स्वेटर, कानटोपी सोबत असू द्या.
* एल्क हरणं तळावर येतात. त्यांच्यापासून लांब राहा. खारींनाही खायला घालू नका.
* प्रवेशशुल्काची आधी चौकशी करा. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह ११ उद्यानांत अमेरिकेबाहेरून आलेल्या, १६ वर्षं वा त्याहून मोठ्या पाहुण्यांना वार्षिक पास नसल्यास माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांनाही हे लागू होतं.

आईवडिलांची अमेरिकावारी पुन्हा कधी होईल, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच त्यांना किती ठिकाणं दाखवली याचा हिशेब नको. दरीच्या कडेवरच्या बाकावर दोघांना निवांत बसून चहा पिता आला, तर सहल सफल झाली असं समजा.