नाताळच्या हंगामासाठी मेणबत्ती व्यवसायाची तयारी : कर्ज, कच्चा माल, सुरक्षितता आणि विक्री

मेणबत्ती तयार करणे हा घरातून, कमी जागेत आणि कमी भांडवलात सुरू करता येणारा व्यवसाय आहे. अनेक महिला बचत गट आणि लहान उद्योजक वर्षभर थोडेथोडे उत्पादन करतात आणि दिवाळी ते नाताळ या काळात मोठी विक्री होईल अशी अपेक्षा ठेवतात. मात्र डिसेंबर सुरू झाल्यावर तयारीला लागल्यास मेण महाग मिळते, कर्ज वेळेवर हाती येत नाही आणि दुकानदारांनी आपली खरेदी आधीच केलेली असते. २५ डिसेंबरनंतर उरलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळत नाही, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या हंगामाची तयारी पावसाळ्यातच सुरू करावी. ती कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

नाताळचा हंगाम नेमका कधी सुरू होतो?

नाताळ २५ डिसेंबरला असला तरी मेणबत्त्यांची मागणी त्याआधी टप्प्याटप्प्याने येते. हे टप्पे माहीत असल्यास कोणता माल कधी तयार हवा, हे ठरवता येते.

• २ नोव्हेंबर : या दिवशी कॅथलिक कुटुंबे मृतांच्या स्मरणार्थ कबरीवर मेणबत्त्या लावतात. यासाठी साध्या पांढऱ्या मेणबत्त्या लागतात.
• नोव्हेंबरअखेर : नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ सुरू होतो. त्याचा पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या लावतात. त्यांपैकी साधारणपणे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. हा संच नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दुकानात पोहोचला पाहिजे. डिसेंबरमध्ये तयार केलेला संच त्या वर्षी विकला जात नाही.
• ३ डिसेंबर : जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो. त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालतात आणि मोठी गर्दी असते.
• १ ते २४ डिसेंबर : सजावटीच्या, सुगंधी आणि भेट देण्याच्या मेणबत्त्यांची विक्री होते.

महाराष्ट्रात वसई आणि मुंबई परिसरात, तसेच गोवा, केरळ, मेघालय, नागालँड आणि मिझोराम या राज्यांत नाताळ मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. आपल्या जवळच्या चर्चमध्ये जाऊन कोणत्या रंगाच्या, किती उंचीच्या आणि किती मेणबत्त्या लागतात, हे ऑगस्टमध्येच विचारून घ्या.

महिनावार वेळापत्रक

• जून–जुलै : उद्यम नोंदणी, कागदपत्रे, कर्जाचा अर्ज.
• ऑगस्ट : प्रशिक्षण, साच्यांची खरेदी, नमुने तयार करणे, चर्च आणि दुकानदारांना नमुने दाखवणे.
• सप्टेंबर : मिळालेल्या मागणीनुसार मेणाची खरेदी. वात कोरड्या डब्यात ठेवावी. दमट वात तडतडते आणि नीट जळत नाही.
• ऑक्टोबर : दिवाळीचा माल आणि साध्या पांढऱ्या मेणबत्त्या.
• नोव्हेंबर : पहिल्या पंधरवड्यात आगमनकाळाचे संच, त्यानंतर सजावटीचा माल.
• डिसेंबर : १५ तारखेनंतर नवीन माल तयार करू नये. फक्त विक्री आणि वसुली करावी.

कोणती योजना या कामासाठी योग्य आहे?

१. बचत गटामार्फत कर्ज : आपण दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील गटाच्या सदस्य असाल, तर प्रथम हा मार्ग पाहावा. हे अभियान महाराष्ट्रात ‘उमेद’, केरळमध्ये ‘कुटुंबश्री’ आणि बिहारमध्ये ‘जीविका’ या नावाने राबवले जाते. पात्र महिला गटांना ३ लाख रुपयांपर्यंतचे बँक कर्ज वार्षिक ७ टक्के व्याजदराने मिळते. हंगामी खरेदीसाठी गटाच्या अंतर्गत निधीतूनही कर्ज घेता येते.

२. प्रधानमंत्री मुद्रा योजना : ही योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५० हजारांपेक्षा अधिक ते ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. या कर्जासाठी तारण द्यावे लागत नाही. मुद्रा योजनेत अनुदान नाही, हे लक्षात ठेवावे. पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते.

३. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम : ही योजना नवीन उद्योग उभारण्यासाठी आहे. आधीपासून सुरू असलेल्या उद्योगाला नवीन म्हणून अर्ज करता येत नाही. ग्रामीण भागातील महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक अर्जदारांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान मिळते. त्यांना स्वतःचा हिस्सा ५ टक्के भरावा लागतो. उदाहरणार्थ, ग्रामीण महिलेचा प्रकल्प २ लाख रुपयांचा असेल, तर स्वतःचे १० हजार आणि अनुदान ७० हजार रुपये होते. मात्र हे ७० हजार रुपये रोख हातात मिळत नाहीत. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहतात आणि उद्योग सुरू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होतात. मंजुरीला वेळ लागत असल्याने याच वर्षीच्या नाताळसाठी या योजनेवर अवलंबून राहू नये. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात योजनेची सद्यस्थिती विचारावी.

पीएम विश्वकर्मा योजनेत मेणबत्ती व्यवसाय येतो का? नाही. त्या योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत मेणबत्ती तयार करणे समाविष्ट नाही. त्यात नाव घालून देतो असे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

प्रशिक्षण कोठे मिळते? बहुतेक जिल्ह्यांत अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तेथील प्रशिक्षण निःशुल्क असते. आपल्या जिल्ह्यात मेणबत्तीचा वर्ग कधी आहे, हे तेथे विचारावे.

आवश्यक कागदपत्रे

• आधार कार्ड आणि पॅन कार्ड
• बँक पासबुक
• उद्यम नोंदणी प्रमाणपत्र (ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते)
• जागेचा पुरावा किंवा भाडेकरार
• साचे आणि मेणाचे दरपत्रक
• लागू असल्यास जातीचा दाखला
• बचत गटासाठी गटाचा ठराव आणि हिशेबाच्या वह्या

बँकेत विचारायचा महत्त्वाचा प्रश्न

कर्ज जुलैमध्ये घेतले तर हप्ता साधारणपणे ऑगस्टपासून सुरू होतो. मेणबत्तीचे पैसे मात्र नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये येतात. मधल्या चार महिन्यांचे हप्ते कोठून भरणार? अनेक कर्जे याच कारणाने थकतात. म्हणून सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा : पहिला हप्ता कधी सुरू होईल? आणि मेण खरेदीसाठी खेळते भांडवल मिळेल का? खेळत्या भांडवलाच्या मर्यादेतून जेवढी रक्कम जितके दिवस वापराल, तेवढ्यावरच व्याज लागते.

हिशेब आधी, खरेदी नंतर

पुढील दर केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या बाजारातील दर घालून हाच हिशेब वहीत करावा.

समजा, १०० किलो मेणापासून प्रत्येकी १०० ग्रॅमच्या मेणबत्त्या करायच्या आहेत. सांडणे आणि तुटणे धरून सुमारे ९५० नग विक्रीयोग्य होतील.

• मेण आणि स्टिअरिक ॲसिड, १६० रुपये किलोप्रमाणे : १६,००० रुपये
• वात आणि रंग : १,५०० रुपये
• खोके आणि लेबल, प्रत्येकी ४ रुपये : ३,८०० रुपये
• वीज : १,२०० रुपये
• दोघींची पाच दिवसांची मजुरी, ४०० रुपये रोज : ४,००० रुपये
• वाहतूक : १,००० रुपये
• २० हजार रुपयांवर वार्षिक १२ टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज : १,२०० रुपये
• एकूण खर्च : २८,७०० रुपये

म्हणजे एका मेणबत्तीचा खर्च सुमारे ३० रुपये झाला. दुकानदाराला ती ३८ रुपयांना दिली आणि सर्व ९५० नग विकले गेले, तर ३६,१०० रुपये येतात आणि ७,४०० रुपये नफा होतो. परंतु ७०० नगच विकले गेले तर २६,६०० रुपये येतात आणि २,१०० रुपये तोटा होतो. या उदाहरणात ७५६ नग विकले जाईपर्यंत नफा सुरूच होत नाही. म्हणून ‘एका नगामागे ८ रुपये सुटतात’ एवढेच पाहून जास्त माल करू नये. किती नग नक्की विकले जातील, हे आधी पाहावे. आपली स्वतःची मजुरीही खर्चात धरावी. ती न धरल्यास तोट्यातला व्यवसाय नफ्यातला वाटतो.

उरलेल्या मालाचे नुकसान कसे टाळावे? नाताळवृक्ष, चांदणी यांसारख्या आकारांच्या मेणबत्त्या केवळ मागणी नोंदवलेली असेल तेवढ्याच कराव्यात. उरलेले मेण साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांसाठी वापरावे. त्या जानेवारीतही विकल्या जातात. वाढदिवस, वीज जाणे आणि मार्च–एप्रिलमधील ईस्टर यांसाठी त्या लागतातच. रंगीत उरलेला माल वितळवून पुन्हा गडद रंगात ओतता येतो, पण खोके आणि मजुरी वाया जाते.

दर्जा कसा राखावा?

• बाजारात मिळणारे पॅराफिन मेण सुमारे ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते. कोकणासारख्या उष्ण भागात कमी तापमानाला वितळणारे मेण वापरल्यास मेणबत्त्या वाकतात.
• स्टिअरिक ॲसिडमुळे मेणबत्ती टणक होते आणि साच्यातून सहज निघते.
• मेण थंड होताना आकसते आणि वातीजवळ खड्डा पडतो. त्यामुळे थोडे मेण बाजूला ठेवून दुसऱ्यांदा ओतावे.
• रंग तेलात विरघळणारा असावा. पाण्यात विरघळणारा रंग मेणात मिसळत नाही.
• प्रत्येक नवीन आकाराची एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून पाहावी. ज्योत वितळलेल्या मेणात बुडत असेल तर वात बारीक आहे. काजळी आणि धूर येत असेल तर वात जाड आहे.

सुरक्षितता : हा भाग वगळू नका

• मेणाचे भांडे थेट आचेवर ठेवू नये. पाण्याच्या मोठ्या भांड्यात मेणाचे भांडे ठेवून वितळवावे. पाणी आटू देऊ नये.
• शक्य असल्यास विजेची शेगडी वापरावी. घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास परवानगी नाही.
• मेणाने पेट घेतल्यास पाणी कधीही टाकू नये. पेटते मेण उडून आग पसरते. आच बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. कोरडी वाळू आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे.
• गरम मेण अंगावर पडल्यास तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. चिकटलेले मेण ओढून काढू नये. डॉक्टरांना दाखवावे.
• काम सुरू असताना लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये. दार मोकळे ठेवावे. खोके आणि तयार माल दारात रचू नये.

केकवर लावण्याच्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या तयार करण्याचे किंवा भरण्याचे काम घरी घेऊ नये. त्यांत ज्वालाग्राही दारू असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे अशा मेणबत्त्यांच्या बेकायदा कारखान्यात लागलेल्या आगीत अनेक महिला कामगारांचा मृत्यू झाला. जास्त मजुरीचे आमिष दाखवले तरी हे काम नाकारावे.

विक्री आणि वसुली

• मागणी तोंडी न घेता वहीत नग, दर, पोहोचवण्याची तारीख आणि सही घ्यावी. शक्य तेथे निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.
• ‘विकले तर पैसे, नाही तर माल परत’ या अटीवर माल द्यावा लागल्यास २० डिसेंबरला दुकानात जाऊन शिल्लक मोजावी आणि माल दुसरीकडे हलवावा.
• बचत गटांनी ‘सरस’ विक्री प्रदर्शनातील जागेसाठी तालुका कक्षात आधी नोंद करावी.
• वेष्टनावर वस्तूचे नाव, निव्वळ वजन किंवा नग, उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा.
• राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्यांना बहुतेक राज्यांत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यावर जीएसटी नोंदणी करावी लागते. काही राज्यांत ही मर्यादा कमी आहे. दुसऱ्या राज्यात किंवा ऑनलाइन विक्री करण्यापूर्वी नियम विचारून घ्यावेत.

पहिल्याच वर्षी किती माल करावा?

मिळालेल्या मागणीपेक्षा थोडाच जास्त. पहिल्या वर्षी १०० किलो मेण पूर्ण विकले गेले आणि कर्ज जानेवारीत फिटले, तर पुढील वर्षी बँक अधिक रक्कम देण्यास तयार होते आणि दुकानदारही स्वतःहून विचारतो. ५०० किलो मेण घेऊन निम्मे उरले, तर पुढचा पावसाळा जुने कर्ज फेडण्यातच जातो. हंगाम संपल्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काय विकले, काय उरले आणि कोणाकडे किती येणे आहे, हे लिहून ठेवा. पुढील वर्षीच्या कर्जाचा अर्ज भरताना हीच वही उपयोगी पडेल.