खाडीतून घरात

पहाटे ५.३०. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली असते. मांडवी ओलांडून चोडण बेटावर पोचायला काही मिनिटंच लागतात. गोव्यातली जुनी घरं पाहायला आलेले पाहुणे इथे थोडे गोंधळतात. घरं तर सासष्टीत, मग हे बेट कशाला? मी त्यांना आधी चिखल दाखवते. हा क्रम मी कोणाच्याही आग्रहाने बदलत नाही.

६.१५. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. होडीवाले गावातलेच. पाणी भरलेलं असेल तर होडी तिवरांच्या आत, फांद्यांखालून जाते. ओहोटी असेल तर काठाकाठाने फिरायचं, पण मग चिखल उघडा पडतो आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं. श्वासमुळांच्या दाटीत निवट्या उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत उभे असतात. खडकी बगळा मान आखडून बसलेला, वर ब्राह्मणी घार. पाण्यालगतच्या फांदीवर पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या दिसला की पक्षीवाले पाहुणे श्वास रोखतात, कारण हा खंड्या तिवरं सोडून सहसा कुठे जात नाही. पाणमांजर दिसेल असं मी कधीच कबूल करत नाही. काठावर माशांच्या खवल्यांनी भरलेली त्याची विष्ठा मात्र आवर्जून दाखवते.

८.३०. चहा झाला की बांधावर. पर्यटक इथे फारसे येत नाहीत, म्हणून मी इथे जास्त वेळ थांबते. खाजन म्हणजे खाडीच्या पोटातून बांध घालून काढलेली शेतजमीन. बांधात 'मानस' असतं, लाकडी झडपांचं दार. भरतीचा रेटा आला की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. खारं पाणी सोसणारं कोरगूट भात इथे पिकतं. बांधाला मात्र दरवर्षी हात लावावा लागतो. तो एकदा फुटला की शेतात खारं पाणी शिरतं, काही वर्षांत तिवरं रुजतात, आणि तिवरं तोडायला कायद्याची मनाई. पक्ष्यांना जागा मिळते, शेतकऱ्याची जाते. पाहुणे विचारतात, तुम्ही कोणाच्या बाजूच्या? मी बांध दुरुस्त करणाऱ्याच्या. वेळेवर दुरुस्ती झाली तर भातही राहतं आणि बांधाबाहेरची तिवरंही.

११.००. झुवारी पूल. गाडी हळू घ्यायला सांगते आणि उजवीकडे बोट दाखवते. तिकडे चिखली. तिथल्या उथळ पाण्यातल्या चिखलात एक चपटा शिंपला राहतो, इतका पातळ की त्यातून उजेड पार होतो. काच दुर्मीळ होती तेव्हा हेच शिंपले चौकोनी कापून खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांत बसवत. आज या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

११.४५. लोटली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं घर रस्त्यावरूनच पाहायचं. फिगेरेदोंच्या घरात मात्र आधी कळवलं तर जाता येतं. आत शिरताच पाहुण्यांची नजर झुंबराकडे वळते. मी त्यांना आधी खिडकीपाशी नेते. सकाळपासून मौन धरून बसलेला एखादा मुलगा शिंपल्याच्या तावदानाजवळ तोंड नेतो आणि विचारतो, "ताई, हा त्या चिखलातला?" मग भिंतही हातांनी पाहिली जाते: आत चिरा, वर शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा. आणि हे बांधायला पैसा कुठून आला, याचं मोठं उत्तर खाजनातल्या भातात आणि माडांच्या बागांत आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दिवाणखान्यामागे बांधावर चिखल वाहणारी मुंडकारांची, म्हणजे त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कष्टकऱ्यांची, पाठ आहे, हे मी तिथेच, दिवाणखान्यात उभी राहून सांगते.

१.३०. मडगावात शीत आणि हुमण.

३.००. चांदर, कुशावतीकाठचं जुनं चंद्रपूर, कदंबांची एके काळची राजधानी. चर्चजवळच्या ब्रागांझांच्या घराच्या लांबच लांब दर्शनी भिंतीत खिडक्यांची रांग आहे. घर दोन शाखांत वाटलेलं. एका बाजूला पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा ग्रंथसंग्रह आहे. पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध १९३० मध्ये पणजीच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडणारा हा माणूस. घरातली चिनी मातीची भांडी बघा, पण या पुस्तकांपुढे थोडा वेळ काढा, असं मी म्हणते. दमट हवेत कागद टिकवणं किती कठीण, हे कोकणात घर असलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

दार घरचीच माणसं उघडतात. फोटोची परवानगी आधी विचारायची, बाहेर पडताना देणगी द्यायची. इथे कुणी दहा-वीस रुपये पुढे केले की मी स्पष्ट बोलते. पावसाआधी कौलं चाळायची असतात, वाशांना वाळवी पाहायची असते, आणि एवढ्या छपराचा खर्च घरातल्या चार माणसांच्या अंगावर पडतो. सकाळी होडीवाल्याला दिलेले पैसे कुणालाच जड वाटले नव्हते. तेवढेच इथेही द्या, असं सांगते, आणि बहुतेक जण देतात.