मूत्रपिंडाचा विकार आणि गळ्यातील ग्रंथी

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीपाशी उगम पावते आणि घाट उतरून कारवारला समुद्रास मिळते. या अरण्यमय तालुक्यातील मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या रोग्यास तज्ज्ञाचा सल्ला हवा असला की बहुधा कारवार, हुबळी किंवा बेळगावची वाट धरावी लागते. एवढा खर्च व शीण सोसून हाती आलेल्या कागदावर ‘टी-३ कमी’ असे दिसले म्हणजे घरच्यांच्या पोटात गोळा उठतो. मूत्रपिंडे गेलीच, आता गळ्यातील थायरॉइड ग्रंथीही बिघडली की काय? पुष्कळदा ती बिघडलेली नसते.

ही ग्रंथी मुख्यत्वे टी-४ हे संप्रेरक रक्तात सोडते. एडवर्ड केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी स्फटिकरूपात मिळविले. त्याहून प्रभावी असे टी-३ लंडनमध्ये ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांना १९५२ साली आढळले. या दोहोंचे नाते जोयड्याच्या शेतकऱ्यास सहज कळेल. टी-४ हे कणगीतले भात. टी-३ हा भरडून काढलेला तांदूळ. ही भरड बहुतांशी ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड इत्यादी अवयवांत होते. मूत्रपिंडे निकामी झाली, रक्तात आम्ल साचले, अन्न अंगी लागेनासे झाले, म्हणजे ती मंदावते. कणगीत भात असते. तांदूळ मात्र कमी पडतो.

खरा दोष ओळखण्याची किल्ली टीएसएच ही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी याच्या द्वारे थायरॉइडला आज्ञा देते. थायरॉइड खरोखर दुर्बल झाली तर ही आज्ञा तीव्र होते, टीएसएच स्पष्टपणे चढते. मूत्रपिंडाच्या रोग्यात टी-३ उतरले तरी ते बहुधा प्राकृत किंवा किंचितच वाढलेले राहते. टी-३ फार उतरणे हे प्रकृती खालावल्याचे चिन्ह खरे. पण केवळ आकडा सुधारावा म्हणून ते बाहेरून दिल्याने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. उलट स्नायूंची झीज वाढण्याचे भय आहे. कागदावर ठळक छापलेला आकडा रोग्यापेक्षा मोठा वाटू लागावा, ही अलीकडची खोडच होय.

तथापि निर्धास्त राहूनही चालत नाही. एरवी मूत्रावाटे जाणारे आयोडीन या रोग्यांत साठून राहते, आणि त्याचा अतिरेकही ग्रंथीस दडपतो. खरी थायरॉइड-न्यूनता त्यांच्यात इतरांहून अधिक आढळते. थकवा, थंडी न सोसणे, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, सूज ही लक्षणे दोन्ही विकारांत सारखीच. नुसत्या डोळ्यांनी निवाडा होत नाही. शिवाय थायरॉइड मंदावली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटून क्रिएटिनीन वाढते, आणि औषधाने त्यातले काही खाली येऊ शकते. ही संधी दवडणे जोयड्याच्या रोग्यास परवडणारे नाही.

म्हणून टीएसएच थोडे वाढलेले दिसल्यास ते काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. रक्त डायलिसिसपूर्वी द्यावे. त्या वेळी टोचल्या जाणाऱ्या हेपॅरिनमुळे तपासणीत मुक्त टी-४ खोटेच वाढलेले दिसू शकते. आणि डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी ठरविलीच, तर ती उपाशीपोटी घ्यावी व कॅल्शियम, लोह आणि फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवावी. नाहीतर ती पोटात त्यांनाच चिकटून वाया जाते.