ई-मेलची चावी कोणाकोणाकडे?

लातूरला नीटचे फॉर्म सुटले की ट्यूशन एरियातल्या नेट कॅफेंसमोर गर्दी होते. उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधारहून आलेली पोरं आणि सोबत वडील. फॉर्मला ई-मेल लागतो. तो नसला, तर कॅफेवालाच दोन मिनिटांत काढून देतो. पासवर्ड बहुतेकदा मुलाचं नाव आणि पुढे १२३. तो कॅफेवाल्याच्या वहीत उतरतो आणि घाईत रिकव्हरीसाठी त्याचाच मोबाइल नंबर टाकला जातो. नांदेडच्या क्लासेसच्या भागातही हेच चालतं. आणि हेच पालक पुढे चहाच्या टपरीवर विचारतात, ‘‘सर, सरकार आपले मेल वाचतं म्हणे, खरं का?’’

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी ई-मेल प्रवास कसा करतो ते पाहू.

तुमच्या फोनवरून निघालेला मेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जातो. तिथून समोरच्याच्या सर्व्हरकडेही सहसा तसाच. वाटेत वायफाय चोरून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण सर्व्हरवर पोचल्यावर कुलपाची चावी कंपनीकडे असते. म्हणजे पोस्टाची पिशवी सीलबंद, आत मात्र पोस्टकार्ड. व्हॉट्सॲपच्या संदेशाची चावी फक्त दोन टोकांच्या फोनमध्ये असते. साध्या ई-मेलचं तसं नाही. शिवाय कोणी, कोणाला, कधी, कुठल्या आयपी ॲड्रेसवरून मेल पाठवला, ही नोंद वेगळी राहते.

सरकार ही माहिती दोन वाटांनी मागू शकतं. पहिली वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ची. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव संदेश तपासण्याचा आदेश देऊ शकतात. २० डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने केंद्राच्या गुप्तचर विभागापासून (आयबी) प्राप्तिकर खात्याच्या प्रत्यक्ष कर मंडळापर्यंत १० यंत्रणांना यासाठी अधिकृत केलं. आदेश ६० दिवसांचा, वाढवत १८० दिवसांपर्यंत. त्याचा आढावा सचिवांचीच समिती घेते, न्यायाधीश नाही. आणि ज्याचे मेल पाहिले, त्याला नंतरही कळवलं जात नाही. न कळलेल्या गोष्टीविरुद्ध दाद मागायची कशी, हा यातला खरा पेच आहे.

दुसरी वाट रोजच्या तपासाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक माहिती मागवू शकतो. गंमत पाहा, तुमचं पत्र पोस्टाच्या ताब्यात असेल, तर पुढच्याच कलमानुसार त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयाचा हुकूम लागतो. पाच रुपयांच्या पाकिटाला कायद्याने जी ढाल दिली, ती ई-मेलला मिळाली नाही. जीमेलसारख्या अमेरिकी सेवांबाबत तिथला कायदा आड येतो. मेलचा मजकूर हवा असेल, तर साधारणपणे दोन देशांतल्या कराराच्या लांब वाटेने जावं लागतं. नाव, नंबर, आयपी ॲड्रेस ही माहिती मात्र कंपन्या नोटिशीवर देऊ शकतात.

याच आयपी ॲड्रेसने एका निरपराध तरुणाचे ५० दिवस खाल्ले. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेस मिळवला, इंटरनेट कंपनीकडे ग्राहकाचं नाव मागितलं आणि ऑगस्टअखेर बंगळुरूतल्या एका संगणक अभियंत्याला उचलून पुण्याला आणलं. कंपनीने दिलेला तपशील चुकीचा होता. ते उघड होऊन तो बाहेर पडेपर्यंत जवळपास ५० दिवस तो येरवड्यात होता.

अशी चूक होते कशी? आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा कायमचा पत्ता नव्हे, लॉजमधल्या खोलीचा नंबर आहे. सकाळी एक जण, दुपारी दुसरा. नोंदवहीत वेळ चुकली की पाहुणा चुकला. परदेशी सर्व्हरच्या वेळेत आणि आपल्या घड्याळात कित्येक तासांचा फरक असतो. जागतिक प्रमाणवेळेच्या आपण साडेपाच तास पुढे. आज मोबाइल नेटवर अडचण वाढली आहे, कारण एकाच वेळी अनेक ग्राहक एकच आयपी ॲड्रेस वाटून घेतात. नेमका सेकंद आणि पोर्ट क्रमांक नसेल, तर अख्खा मोहल्ला संशयित ठरतो.

आणि फोनच हाती लागला, तर मग चावी कोणाकडे हा वादच संपतो. जून २०२४ मध्ये नीट पेपरफुटीच्या तपासात नांदेडच्या एटीएस पथकाने लातूरमध्ये दोन शिक्षकांची चौकशी केली. त्यांच्या फोनमध्ये विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं आणि संदेश सापडल्याचं सांगण्यात आलं. लातुरात गुन्हा नोंदला गेला, पुढे तपास सीबीआयकडे गेला. व्हॉट्सॲपचं कुलूप कितीही पक्कं असलं तरी उघडा फोन सगळं दाखवतो. आडतीच्या व्यापाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात झडतीच्या वेळी ई-मेल, क्लाउड आणि समाजमाध्यमांची खाती उघडण्याचा अधिकार स्पष्टपणे लिहिला आहे.

तपासाला विरोध नाही; पेपर फोडणारे सापडलेच पाहिजेत. पण पोलिसांनी फोन घेतला, तर जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, पंचनाम्याची प्रत मागावी आणि हॅश व्हॅल्यूबद्दल विचारावं. हॅश व्हॅल्यू म्हणजे फोनमधल्या माहितीचा जणू अंगठा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो, म्हणून नंतर कोणी काही घुसवलं तर ते पकडता येतं. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात ही नोंद आहे.

आता रिकव्हरी नंबर. जून २०२२ मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांचा दावा छापला. एल्गार परिषद प्रकरणातल्या काही आरोपींच्या हॅक झालेल्या ई-मेल खात्यांना परका रिकव्हरी ई-मेल आणि फोन नंबर जोडला होता, आणि त्याचा संबंध पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याशी होता, असा तो दावा. खटला न्यायालयात आहे, पण तांत्रिक मुद्दा साधा आहे. रिकव्हरीला ज्याचा नंबर, त्याने पासवर्ड कितीही वेळा बदलला गेला तरी पुन्हा आत यावं.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर मुलाचा फोन घ्या. गुगल खात्यात ‘सुरक्षा’ या भागात जा. रिकव्हरी नंबर कोणाचा आहे, कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे, हे बघा. अनोळखी संगणक दिसला, तर बहुधा तो कॅफेतला असेल. तिथून साइन आउट करा, पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. आणि पुढच्या फॉर्मला जाताना मुलालाच कीबोर्डपुढे बसवा.